पायाखालची माती

पोळ्याला कळंबला आलेल्या भाच्याने आमच्या फ्रीजरात बर्फाच्या ट्रेशेजारी शिशाचे सैनिक ठेवले. बोटाच्या दोन पेरांएवढे, बुटके, दाढीवाले, हातात कुऱ्हाडी. ‘मामा, रात्रभर राहू द्या. थंडीनं जुना गोंद ठिसूळ होते,’ तो म्हणाला. सकाळी एकेकाला ओट्याच्या कडेवर हलकेच आपटले, की पायाखालची चौकोनी प्लॅस्टिकची बैठक टक्कन सुटून येई.

टेबलावर मांडून खेळायच्या लढायांचे हे शिपाई. एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा लढायांचे नियम लिहिले. मोठी माणसे तेव्हापासून हा खेळ मन लावून खेळत आली आहेत. भाच्याचे सैनिक ‘वॉरहॅमर’ या खेळाचे. त्यात पूर्वी पलटण खांद्याला खांदा लावून सरकवायची, म्हणून बैठका चौकोनी. 2015मध्ये ‘एज ऑफ सिग्मार’ हा त्याचा नवा अवतार आला, रांगा मोडल्या, बैठका गोल झाल्या. जुन्या धातूच्या शिपायाला या नव्या रणात उतरवायचे, तर त्याच्या पायाखालचे तेवढे बदलायचे. मला हे फार आवडले. तोच चेहरा, तीच कुऱ्हाड. उभे राहायची जागा मात्र आजची.

काम नाजूक आहे. धातू जड, नुसत्या गोंदावर टिकत नाही. म्हणून तळव्यात बारीक भोक पाडायचे, त्यात तारेचा तुकडा बसवायचा आणि ती तार नव्या बैठकीत रोवायची. जुन्या शिपायांच्या पायाखाली ओतीव पट्टी असते, तिच्यावर पुष्कळदा नाव किंवा साल उठवलेले असते. भाचा ती पकडीने तोडून टाकत होता. मी अडवले. बैठकीला खाच पाडावी, पण नाव तोडू नये, असे माझे मत. कानशीने उडणारी शिशाची पूड पोटात जायला नको, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरले होते. काम संपल्यावर त्याने साबणाने हात धुतले.

मग माती. चक्रावती नदीची वाळू गाळणीतून गाळूनही जाड वाटली. शेवटी शेतातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवून लावली. वाळताना तिला आपोआप भेगा पडल्या. विलायती दाढीवाले कळंबच्या काळ्या जमिनीवर उभे राहिले आणि मला ते एकदम ओळखीचे वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरे लाकडी नंदी ओढत निघाली. नंदी आजोबांचा असतो, चाके दरवेळी नवी. प्लॅस्टिकची चाके लावू नयेत; लाकडी चाकांची खडखड गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायला हवी.

त्या खडखडीने मला दायमाबादला नेले. प्रवरेच्या काठचे हे गाव. 1974मध्ये तिथे छबू लक्ष्मण भिल झाडाची मुळे खणत असताना जमिनीतून चार ओतीव शिल्पे वर आली: बैलांचा रथ, रेडा, हत्ती, गेंडा. सगळी मिळून साठ किलोंच्या वर. काळाबद्दल वाद आहेत. पुष्कळ अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांमागे नेतात. रेडा चार भरीव चाकांवर उभा आहे. गेंड्याच्या पायाखाली दोन आडव्या पट्ट्या, त्यांची टोके खाली वाकवून आस धरलेले. हत्ती सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंच, पायाखाली सत्तावीस बाय चौदाचा पाट, त्याला आस अडकवायच्या जागाही आहेत. पण आस नाहीत, चाके नाहीत. कधी, कुठे गेली, त्या मातीने सांगितले नाही. त्याचे छायाचित्र पाहिले की माझी नजर सोंडेआधी त्या रिकाम्या भोकांकडे जाते. कोणी सुताराला बोलावून त्याला चाके लावून द्यावीत असे फार वाटते. आणि लावू नयेत हेही कळते.

रथातला माणूस सोळा सेंटिमीटरचा. समोर दांडीवर एक कुत्रा उभा आहे. तो कुत्रा तिथे कशाला, याचा मी फार विचार केला आहे. रथ पळवायला त्याची गरज नाही. ओतायला मेण, माती, धातू, सगळेच जास्त लागले असणार. तरी घडवणाऱ्याने तो केला. आणि गेंडा? आज तो रानात पाहायला आसामसारख्या दूरच्या ठिकाणी जावे लागते. या कारागिराने तो प्रवरेच्या गवतात पाहिला, की कोणा वाटसरूकडून ऐकला? कातडीच्या वळ्या पाहता मला वाटते, त्याने पाहिलाच होता, आणि बराच जवळून.