64 उगवले, 36 नाही



परवा घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला टाकली होती. नेहमीसारखीच. चाळून 100 दाणे मोजले, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या रांगेत लावले, गुंडाळी करून न्हाणीजवळच्या सावलीत ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत गेलो. काल सोडून मोजले तर 64. सत्तरच्या वर असते तर एकरी 30 किलो पुरलं असतं, आता 33 तरी धरावं लागेल. मळणीला यंत्राचे फेरे जास्त ठेवले होते, दाण्याला मार बसला असणार. चूक माझीच.

मोजत बसलो होतो तेव्हा दारात गाडी थांबली. जिल्हा परिषदेची हवा सुटली होती. आपल्याकडं 2022 पासून प्रशासक बसला होता. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं, तेव्हापासून पांढऱ्या कपड्यांना इस्त्री सुरू झाली. आलेले दोघं ओळखीचेच. एक जण मागच्या तीन निवडणुकांत तीन वेगळ्या गमज्यांत दिसलेला. चहा झाला. जाताना म्हणाला, "दादा, यावेळी आपल्याकडं लक्ष असू द्या." "आपल्याकडं" म्हणजे नेमकं कुणाकडं, हे मी विचारलं नाही. त्यालाही तेव्हा ठरवायचं असावं.

ते गेल्यावर तात्या ओट्यावरून म्हणाले, "बॅग नवी, बी तेच."

तात्या म्हणजे माझे वडील. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून त्यांच्या ट्रंकेत आहे, पासबुकाशेजारी. ऐन उमेदीची दहा-बारा वर्षं त्यांनी मोर्चे आणि रास्ता रोको यात घातली. पक्षांवर राग म्हणून माणसं संघटनेत आली, असं ते सांगतात. पुढं 1994 ला संघटनेतूनच स्वतंत्र भारत पक्ष निघाला. नंतर संघटनेचे तुकडे झाले, ओळखीची माणसं एकेक करत ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या त्यांच्याच मांडवात जाऊन बसली. तात्यांनी बिल्ला काढून ठेवला, पण मतदान एकदाही चुकवलं नाही. कुणाला देता विचारलं तर म्हणतात, "ज्याला द्यायचं नाही त्याच्या विरुद्ध."

माझा राग वेगळ्या वाटेनं गेला. आमचं गाव लातूर ग्रामीण मतदारसंघात. 2019 च्या विधानसभेला इथं काय झालं ते राज्यभर गाजलं होतं. निवडून आलेल्या उमेदवाराला एक लाख 35 हजार मतं, आणि दुसऱ्या नंबरवर कोण, तर नोटा. साडेसत्तावीस हजार. त्यातलं एक मत माझं. निकालाच्या दिवशी मला फार भारी वाटलं होतं. पेपरात आपल्या मतदारसंघाचं नाव, टीव्हीवर चर्चा. जनतेनं सगळ्या पक्षांना नाकारलं, असं मी दोन-तीन जणांना छाती फुगवून सांगितलंही.

खरं काय होतं ते गावात बसल्यावर कळतं. युतीत जागा मित्रपक्षाला सुटली म्हणून रुसलेले कार्यकर्तेच घरोघरी "शेवटचं बटण दाबा" म्हणून सांगत फिरत होते. म्हणजे त्या साडेसत्तावीस हजारांत माझ्यासारख्या चिडलेल्या शेतकऱ्याचं मत किती आणि एका पक्षाच्या रुसव्याचं किती, हे मशीन वेगळं करून दाखवत नाही. चाळणीच नाही तिथं. शिवाय विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. बांधावरचं बुजगावणं आहे ते, पाखरांना एकदा कळलं की त्याच्याच डोक्यावर बसतात.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. 2022 च्या जूनमध्ये एक पक्ष फुटला, 2023 च्या जुलैत दुसरा. ज्या चिन्हावर मत दिलं ते चिन्ह एकीकडं, ज्याच्यासाठी दिलं तो माणूस दुसरीकडं. 2023 च्या दिवाळीआधी आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यात गावोगाव नेत्यांना प्रवेशबंदीचे फलक लागले. आमच्या वेशीवरही लागला. फलकासाठी वर्गणी दिलेल्यांत मी होतो.

आणि आता जे सांगतोय ते या पानावर आधी लिहिलं नव्हतं.

फलक लागून महिना झाला नव्हता, तोवर आमची डीपी जळाली. हरभरा फुलात यायच्या बेतात, विहिरीला पाणी, पण मोटारी बंद. आम्ही अकरा शेतकरी त्या डीपीवर. कार्यालयात चकरा मारल्या. तेल नाही, गाडी नाही, आधी थकबाकी भरा, यादीत नाव आहे. नवव्या दिवशी आमच्यातला एक जण तालुक्याच्या एका कार्यकर्त्याकडं गेला. त्यानं समोरच फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी डीपी आली, आणि तिच्याबरोबर तो कार्यकर्ताही आला. फलकाखालून. मीच त्याला शेतात घेऊन गेलो, नारळ मीच फोडला. फोटो आहे.

पक्षांना शिव्या घालणं सोपं आहे हो. पण जळालेली डीपी, दवाखान्यातली खाट, तहसीलचा दाखला यासाठी ज्याच्याकडं जावं लागतं तो माणूस कुठल्या तरी पक्षाचाच असतो. कार्यालयानं आपलं काम आपणहून केलं असतं तर त्या कार्यकर्त्याला माझ्या शेतात काय काम होतं? लोक मतदानाच्या दिवशी विचार बदलतात असं शहरातली मंडळी म्हणतात. विचार नाही बदलत, त्या दिवशी डीपी आठवते.

2024 च्या मे महिन्यात लोकसभेला भाव आणि आरक्षण या दोन्हींचा राग मतपेटीत उतरला आणि लातूरची जागा काँग्रेसकडं गेली. नोव्हेंबरात विधानसभेला त्याच मतदारांनी लातूर ग्रामीण भाजपला दिलं. फरक सात हजारांच्या आतला. सहा महिन्यांत असं कसं फिरलं, म्हणून विश्लेषकांनी बरंच लिहिलं. मला उत्तर आमच्या चुलीपुढं मिळालं होतं.

त्या हंगामात चार एकरांत 28 क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव 4892. हमीभाव केंद्रावर नोंदणी केली, पण बारदाना नाही, ओलावा 14 म्हणून माल परत. निवडणुकीच्या तोंडावर ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्के झाली, तोवर उचल फेडायची म्हणून मी मोंढ्यात 4050 नं घालून मोकळा झालो होतो. पट्टी खिशात, डोकं तापलेलं. प्रचारात एका बाजूनं 6000 चा शब्द, दुसऱ्या बाजूनं 7000 चा. रात्री मंडळींना म्हणालो, "क्विंटलमागं 842 रुपये गेले. 28 क्विंटलचे साडेतेवीस हजार. आणि तुम्ही बायका पाच महिन्यांच्या साडेसात हजारांवर भुलणार."

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "ते साडेतेवीस हजार मला कधी दिसले? भाव चांगला होता त्या साली तरी दिसले का? ती पट्टी तुमच्या खिशात, पैसा आडत्याच्या वहीत, उरला तो सोसायटीत. हे साडेसात हजार माझ्या नावावर आले. पोरीची फी भरली, माझा दात काढला. कुणाला मागावं लागलं नाही."

मी म्हणालो, एका हातानं नेतात आणि दुसऱ्या हातानं थोडं देतात.

"नेतात ते तुमच्याकडून, देतात ते मला," ती म्हणाली. "मग माझं मत तुमच्या हिशेबानं कसं जाईल?"

याला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं आणि आजही नाही. 2021 ला सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं, त्याही साली हिच्या हातात मी काय ठेवलं, ते आठवून पाहिलं. एक साडी. तीही पोळ्याला, सगळ्यांबरोबर.

तिनं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. माझं सांगतो. यावेळी शेवटचं बटण दाबलं नाही. भावाच्या रागानं एकाला द्यायचं ठरवून गेलो होतो, आत गेल्यावर डीपी आठवली. मिनिटभर तसाच उभा राहिलो. मागून अधिकारी म्हणाला, काका, आवरा. बटण दाबलं. कुणाचं ते राहू द्या, पण बाहेर आल्यावर बोटावरच्या शाईकडं बघून 2019 सारखं भारी काही वाटलं नाही.

निवडणुकीनंतरचं तुम्हाला ठाऊक आहेच. 6000 आले नाहीत, 1500 चे 2100 झाले नाहीत. कर्जमाफीची वाट बघत थांबलो तर मार्चअखेर सरकारकडूनच सांगणं आलं की पीककर्ज भरून टाका. 2025 चा मे संपता संपता सोयाबीनचा हमीभाव 436 रुपयांनी वाढवून 5328 केला आणि त्याच आठवड्यात कच्च्या खाद्यतेलाचं आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. इकडून भाव चढवायचा, तिकडून तेल स्वस्तात आत घ्यायचं. ही बातमी मी घरात वाचून दाखवली. मंडळी म्हणाल्या, "हे त्या परवाच्या गाडीवाल्याला विचारलं का?"

नव्हतं विचारलं. चहा पाजला होता.

म्हणून पुढच्या वेळी गाडी आली की ओट्यावर सगळ्यांनी बसायचं ठरलंय, तीही बसणार आहे. तात्यांनी तीन प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलेत: खरेदी केंद्र कोणत्या तारखेला सुरू करणार, बारदाना कुठून आणणार, आणि डीपी जळाली तर तुम्हाला फोन न करता किती दिवसांत मिळणार. जो गाडीतून उतरेल त्याचं उत्तर आणि तारीख तिथंच लिहायची, गमजा कुठलाही असो. चौथा प्रश्न मंडळींचा आहे, तो तिनं अजून आम्हाला सांगितलेला नाही.

तूर्त रानात वापसा नाही. मे महिन्यातच एवढा पाऊस झाला की कुळवाची पाळी राहिली. पेरणीची घाई करू नका, ओल खाली किती गेली ते खुरप्यानं उकरून बघा. घरचं बी असेल तर आज 100 दाणे टाकाच, आणि 60 च्या खाली मोजले तर ते बी पेरू नका, खायला किंवा मोंढ्यात जाऊ द्या. तुमच्याकडं किती उगवले ते खाली लिहा.