सहा, सहा, सहा, चार

फलटणची गाडी लागायला अवकाश होता. स्वारगेटच्या बाकावर शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललेलं, आणि बोटं पिशवीच्या बंदावर ताल धरत होती. चाल अभंगाची वाटली. म्हटलं, "आजी, माळकरी का तुम्ही?"

त्या हसल्या. "नाही रे बाबा. मी पंचहौदच्या देवळातली. हे टिळकांचं गाणं."

पुण्यात टिळक म्हटलं की एकच डोळ्यांपुढं येतात. हे दुसरे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. गंमत म्हणजे पहिल्या टिळकांचंही नाव पंचहौदाशी जोडलं गेलं, ते चहापायी. १८९० साली गुरुवार पेठेतल्या त्या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, गोखले, टिळक अशी मंडळी गेली, पुढ्यात चहा आला आणि गावात एवढा गहजब झाला की गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, दुसऱ्या टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरावर काय गुदरलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे.

मिशनऱ्यांनी मराठीत आणलेली पुष्कळ गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली असत. त्या चालीचा ठोका आघातावर पडतो. मराठी शब्दाची चाल वेगळी. मग शब्द मधेच तुटतो, ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं. गाणाऱ्याची भक्ती खरी असली तरी जीभ अवघडते. कृष्ण रत्नाजी सांगळ्यांसारख्यांनी देशी चाली धरल्या आणि टिळकांनी तर अभंग, ओवी, कीर्तन असं सगळं घरचंच सामान देवळात नेलं. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते म्हणत. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, ओवीतच.

मोठ्या अभंगाची घडण साधी असते: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळतं आणि चौथा आखूड पडतो. त्या आखूडपणातच टाळाला जागा मिळते, ऐकणाऱ्यालाही. टिळकांचं घर सुटलं, जात सुटली. ही घडण सुटली नाही. माणूस देव बदलू शकतो, पण त्याला हाक मारायची लकब आईच्या जात्यावरून आलेली असते. ती बदलायची कशी?

गाडी लागली. आजी पिशवी सावरत उठल्या, गुणगुणणं चालूच. मला त्यातला एकही शब्द नीट ऐकू आला नव्हता. तरी चौथ्या चरणाला माझा अंगठा बाकावर बरोबर पडला.