बिनसाखरेची मेहमाननवाजी

आमच्या घरी पाहुणा आला की सलामानंतर पहिला प्रश्न, ‘चहा ठेवू ना?’ चहा म्हणजे दूध, आलं, वेलची आणि सैल हाताने घातलेली साखर. चहा कमी गोड झाला तर यजमान कंजूस, आणि पाहुणा नको म्हणाला तर तो नाराज, असा आपल्या मोहल्ल्यातला अलिखित कायदा!

अब्बांना मधुमेह निघाला तेव्हा हाच कायदा आडवा आला. दिवसाला ४ कप, प्रत्येकात २ चमचे साखर. एक चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी ३२ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जात होती. म्हणून आम्ही ग्रीन टी सुरू केला.

हे झाड काही वेगळं नसतं. पानं खुडल्यावर लवकर उष्णता दिली की ती हिरवी राहतात. काळी पडू दिली की आपली नेहमीची चहा पावडर तयार होते. खळखळत्या पाण्यात ही पानं कडवट होतात. पाणी उकळून चार-पाच मिनिटं निवू द्यावं, मग २-३ मिनिटं पानं ठेवून गाळावं.

काश्मीरचा कहवा याच पानांचा, मोरोक्कोतला पुदिन्याचा चहाही. पण मोरोक्कोत त्यात भरपूर साखर पडते. तेव्हा खरा फायदा पानांच्या हिरवेपणात नाही, साखरेच्या डब्याचं झाकण बंद राहण्यात आहे. ग्रीन टी औषध नव्हे. अब्बांच्या गोळ्या, चालणं आणि तपासण्या सुरूच आहेत.

भगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. चहामुळे डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह अंगी कमी लागतं. ज्या लेकीसुनांचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. रमजानमध्ये आम्ही ग्रीन टी इफ्तारच्या दस्तरखानावर ठेवत नाही. तरावीहनंतर घेतो, तोही एकच कप. जास्त झाला तर झोप उडते आणि सहरीला उठणं जड जातं.

आता पाहुण्यांनाही आम्ही विचारतो, ‘साखरेचा की बिनसाखरेचा?’ कुणाचा मान कमी झाला नाही. उलट काही जण हळूच म्हणाले, ‘मलाही शुगर आहे, पण कुणाच्या घरी सांगवत नाही.’ शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. पाहुण्याची ती अमानत जपणं, हीसुद्धा मेहमाननवाजीच.