बाळ रडत नाही

मंगळवार, २ जुलै २०२४

वरच्या आळीतल्या बाळाची तिसऱ्या दिवसाची भेट. कालच दवाखान्यातून घरी आलंय. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. मुलगी, वजन २ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे अडीचच्या खाली. झोळीत बाळ घालून काटा हातात धरला की माझाच श्वास अडकतो. आजी म्हणाली, "आशाताई, हात का कापतोय?" गावात सून म्हणून येऊन आठ वर्षं झाली, आशा होऊन दोनच. माझं खरं नाव आता कुणी घेत नाही.

पोर दूध झटून ओढते. रडते तर अशी, की दारातली म्हैस वळून बघते. फॉर्मवर 'रडणे: चांगले' अशी खूण केली.

शनिवार, ६ जुलै

सातवा दिवस. श्वास ४६, अंग गरम, नाळ कोरडी. घुटी देऊ नका म्हटलं. आजी हो म्हणाली, पण तो 'हो' जरा लांबवलेला होता. पाऊस फार.

सोमवार, ८ जुलै

सकाळी हापशावर आजी भेटली. "नात गुणाची हो. आता रडतच नाही. भुकेची वेळ झाली तरी निजूनच असते."

हंडा भरून घरी आले, भाकऱ्या थापायला बसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

पुढची भेट चौदाव्या दिवशी, १३ तारखेला. मग आज कशासाठी जायचं? 'वाटलं म्हणून' असा रकाना फॉर्मवर नसतो. आणि गेल्या वर्षीचं आहेच. असंच वाटलं म्हणून एका बाळाला तालुक्याला पाठवलं, तर बाळ ठणठणीत निघालं. मजुरी बुडवून, येताना जीपला पैसे घालून माणसं परत आली. ती बाई अजून मला बघितलं की आत जाते. पुढे महिनाभर मी कुणाला काही सांगायला तोंडच उघडलं नव्हतं.

दोन भाकऱ्या झाल्या. तिसरी तव्यावरच करपली. परात सारली आणि गेले.

बाळ दोन गोधड्यांत गुंडाळलेलं. आत हात घातला तर पोट गार. पावलं गार असती तर एक वेळ चाललं असतं, पण पोट? काखेत थर्मामीटर लावला, ९६.२. झबलं वर केलं, घड्याळ लावलं, पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजली. ५८. साठच्या खाली. आतला भित्रा आवाज म्हणाला, झालं, चल घरी. पुन्हा मोजलं, ६४. तिसऱ्यांदा ६३. पाजायला घ्यायला लावलं तर दोन घोट ओढून तोंड सोडलं. तळव्याला टिचकी मारली, तर मांजराच्या पिल्लागत नुसती कण्हली.

आईला विचारलं, "तुला काय वाटतंय गं?"

तिनं आधी आजीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "परवापासनं मला बरं नाही वाटत, ताई. पण मला काय कळतंय, पहिलंच आहे."

परवापासून! बाळाला सगळ्यात जास्त वेळ मांडीवर घेणारी बाई, आणि तिलाच काही कळत नाही म्हणे. मी तरी तिला काय बोलणार? मीही सकाळपासून हेच करत होते.

१०२ ला फोन लावला. पोर आईच्या उघड्या छातीशी धरायला लावली, वरून गोधडी. गाडी पाऊण तासानं आली. त्या पाऊण तासात मी गेल्या वर्षीच्या बाळाचाच विचार करत होते, हे लिहून ठेवते.

मंगळवार, ९ जुलै

रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी सिस्टरचा फोन आला. जिल्ह्याच्या नवजात कक्षात ठेवलंय, जंतुसंसर्ग आहे, इंजेक्शनं चालू.

शुक्रवार, १२ जुलै

गटप्रवर्तक ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी गडचिरोलीचं पुन्हा सांगितलं. प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण तेव्हा ते परीक्षेसाठी ऐकलं होतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आमच्या घरभेटी त्यातूनच आल्या. रडणं मंद होणं, दूध ओढणं मंद होणं ही लक्षणं तेव्हापासून यादीत आहेत.

पण मंद म्हणजे कशापेक्षा मंद? ते ज्यानं आधीचं रडणं ऐकलंय त्यालाच सांगता येतं. २ तारखेची म्हैस कामी आली म्हणायची. मला 'वाटलं' ते हवेतून आलं नव्हतं तर.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. उपास. खालच्या आळीतून येताना एका बाळाचं झोपणं खटकलं, म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेले. मोजलं, ४४. पोट गरम, नुकतंच पिऊन झोपलेलं. बाळाची आई हसली. मी साबुदाण्याची खिचडी खाऊन आले.

घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले, 'वाटलं' आणि 'निघालं'. दोन वर्षांतलं आठवेल तेवढं भरलं. गेल्या वर्षीचं तालुक्याचंही.

शनिवार, २० जुलै

वरच्या आळीतली पोर काल घरी आली. आज एकविसावा दिवस. वजन २ किलो ३८०. झोळीत घातल्याबरोबर भोकाड पसरलं. म्हैस चरायला गेली होती.

मागच्या पानावर आता सात नोंदी आहेत. तीन खऱ्या निघाल्या, चार नाही.