विकतची मुरड

‘कशाला विकतचं श्राद्ध घेतोयस?’ असं म्हणून बायको पुन्हा पेपरात शिरली. मी एवढंच म्हटलं होतं की यंदा करंज्या घरी करू, विकतच्या नकोत. तिला स्वतःच्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते घशात कूस अडकल्यासारखं सलायला लागलं. घरात, आपल्या हातांनी, आपल्याच परातीत करायची ती करंजी विकतचं श्राद्ध. आणि पैसे मोजून खोक्यातून आणायची ती मात्र नाही?

आजी ही म्हण अख्खी म्हणायची : विकत घेतलं श्राद्ध, नि सव्यापसव्य करता करता जीव मेटाकुटीला. लहानपणी मला वाटे, सव्यापसव्य हे कुणा माणसाचं नाव असावं. पुढे वडिलांच्या श्राद्धाला पाटावर बसलो तेव्हा कळलं. देवांचं काही करायचं तर जानवं डाव्या खांद्यावर, ते सव्य. पितरांचं करायचं तर उजव्या खांद्यावर, ते अपसव्य. गुरुजी सांगतील तसं इकडून तिकडे, तिकडून इकडे. तासाभरात खांदा अवघडतो, आणि जानवं कानात, बाहीत, कुठेही गुंतायला लागतं.

हा त्रास समजण्यासारखा आहे. मला न समजलेला भाग वेगळाच आहे : श्राद्ध विकतं कोण? तूरडाळ विकतात तसं कुणी ते तागडीत घालून देत असेल? समजा एखाद्यानं घेतलंच, तर पिंड कुणाच्या नावाने द्यायचा? विकणाऱ्याच्या आजोबांच्या? मग ते आजोबा पुण्य कुणाच्या पदरात घालणार? की ‘विकत’ म्हणजे इथे पैसे देऊन नव्हे, तर नुसतं हौसेनं, कुणी मागितलं नसताना? तसं असेल तर बायकोचं बरोबर आहे. करंजी मागितली कुणी होती? मुलगा लांब, त्याला शेव आवडते. तिला स्वतःला गोड वर्ज्य आहे. उरलो मी, आणि मला करंजी आवडते की करंजी होत असलेलं घर आवडतं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

गेल्या वर्षी हे श्राद्ध मी एकट्याने घातलं. सुकं खोबरं किसून मंद भाजलं, खसखस भाजली, गार झाल्यावर पिठीसाखर, वेलची, जायफळ. इथवर मी बल्लवाचार्य होतो. मग साठा. तूप फेसायचं, त्यात तांदळाची पिठी घालून पुन्हा फेसायचं, पोळीवर सारवायचं, त्यावर दुसरी पोळी, परत साठा, परत पोळी, मग घट्ट वळकटी, तिचे काप, कापाची लाटी. पदर सुटले पाहिजेत म्हणून हा खटाटोप. लाट्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या, हे मला अर्ध्या लाट्या सुकल्यावर आठवलं. एकेचाळीस करंज्यांपैकी चौदा कढईत फुटल्या. करंजी फुटली की नुसती ती जात नाही. सारण तुपात पसरतं, खोबरं करपतं, त्याचे काळे ठिपके पुढच्या प्रत्येक करंजीच्या अंगावर बसतात. तूप गाळून घ्यावं लागतं. दुपारी तीनला मी गाळणं घेऊन उभा होतो आणि चौथीतल्या मुलासारखं रडू येत होतं.

चवीचं म्हणाल तर खोक्यातली करंजी उजवी होती. साखर बेताची, पदर मोकळे, फुटलेली एकही नाही. ‘घरची चव’ वगैरे म्हणणाऱ्यांनी एकदा डोळे बांधून खाऊन बघावं. फक्त ओल्या नारळाच्या करंजीत दुकान हरतं, कारण ती दोन दिवसांत विटते नि खोक्यात घालून पंधरा दिवस ठेवता येत नाही. पण तो दुकानाचा नाइलाज झाला, माझा विजय नव्हे.

शिवाय विकतचं म्हणजे काय, हेही दिसतं तितकं सोपं नाही. १९५९ साली गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. त्यांच्याकडे पीठ एका जागी भिजतं, पण बायका ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात नि परत आणून देतात. म्हणजे वाण्याच्या दुकानातून मी आणतो तो पापड कुणाच्या तरी घरीच झालेला असतो. फक्त ते घर माझं नसतं. आमच्या कोपऱ्यावरच्या खोक्यातल्या करंज्याही मागच्या चाळीतली एक बाई करून देते, असं ऐकलंय. तिच्याकडे त्या घरच्या, माझ्याकडे येईपर्यंत विकतच्या. जिना उतरताना मधेच कुठेतरी त्यांनी जानवं बदललं म्हणायचं.

इंग्रजांकडे तर हे कायद्यानंच उलटं करून ठेवलंय. त्यांच्या कॉर्नवॉल परगण्यात करंजीचीच थोराड बहीण शोभेल अशी पेस्टी असते. आत गोमांस, बटाटा, कांदा नि सलगमासारखा एक कंद, सगळं कच्चंच भरतात आणि भट्टीत भाजतात. २०११ साली तिच्या नावाला युरोपात संरक्षण मिळालं. तेव्हापासून ‘कॉर्निश पेस्टी’ म्हणून विकायची तर ती कॉर्नवॉलातच झालेली हवी, आकार अर्धचंद्राचा हवा, आणि कड बाजूला दुमडलेली हवी, डोक्यावर नव्हे. तिथल्या कारखान्यातली पेस्टी त्यामुळे अस्सल. आणि लंडनमधल्या एखाद्या कॉर्निश आजीनं आपल्या स्वयंपाकघरात केलेली पेस्टी विकायला काढली, तर तिला त्या नावानं विकता येणार नाही. कडेची दुमड कुठे असावी हे सरकारदरबारी लिहून ठेवलेलं वाचून मला हसू आलं. मग नाही आलं.

कारण कडेची दुमड म्हणजे मुरड, आणि मुरड मला येत नाही. गेल्या वर्षी मी कातणं फिरवून सुटका करून घेतली होती. लहानपणी माझ्याकडे तेच काम असे. करंजीच्या कडेनं ते नक्षीचं चाक फिरवायचं आणि निघालेली कातरण परातीत टाकायची. मुरड आत्या घालायची. कड अंगठ्यानं जराशी दाबून बाहेर काढायची, वर दुमडायची, तिच्यावर पुढचा दाब, पुन्हा दुमड. दोरी वळावी तशी. ती बोलत असायची, बघायची दुसरीकडेच. बहिणीला तिनं शिकवलं. मी समोर बसलो होतो तरी मला शिकवावंसं तिला वाटलं नाही, आणि शिकव म्हणावंसं मलाही वाटलं नाही.

या मुरडीवर आत्याची फार श्रद्धा. गौरी जायच्या दिवशी नैवेद्याला मुरडीचाच कानवला हवा, कातलेला चालायचा नाही. मुरड घातली की गौर पुढच्या वर्षी मुरडून परत येते. कातण्यानं कापलं की काय होतं, हे ती सांगत नसे. पण चाक माझ्या हातात असे, त्यामुळे मला उगाच अपराधी वाटायचं. बहीण सासरी निघाली तेव्हाही आत्यानं डब्यात कानवले दिले होते, हे आत्ता लिहिताना आठवलं. बहीण वर्षातून एकदा येते. कानवल्यांमुळे की रेल्वेच्या आरक्षणामुळे, कोण जाणे.

मग विकतच्या मुरडीनं कोण परत येतं? पैसे देणाऱ्याकडे की मुरड घालणारीकडे? पिंडाचा प्रश्न पुन्हा तिथेच आला, आणि आजी नाही विचारायला.

काल पोळ्यांची थोडी कणीक उरली होती. बायको झोपल्यावर मी तिची एक पारी लाटली, आत चमचाभर साखर घातली, दुमडली आणि मुरड घालून बघितली. चौथ्या दुमडीला कड फाटली. फोनवर व्हिडिओ लावला. त्यातली मुलगी आत्याच्या उलट्या दिशेनं मुरड घालत होती, का आत्या माझ्या समोर बसायची म्हणून मला ती उलटी आठवते, हे कळेना.

तेवढ्यात यंदाच्या गौरी आठवल्या. नैवेद्याच्या ताटात कानवला होता, आणि त्याची मुरड बारीक, सारखी, अगदी आत्याच्या हातची वाटावी अशी होती. त्या दिवशी मी दुपारी उशिरा घरी आलो होतो. तो कानवला कुठून आला होता, ते मी बायकोला अजून विचारलेलं नाही.