भागिले किती?

८ जानेवारी, जव्हार

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीची पत्रकार मंडळी प्रशिक्षणाला जमली. वारली, महादेव कोळी, ठाकूर, एक कातकरी मुलगा. कोणी दैनिकाचा तालुका वार्ताहर, कोणी स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवणारा. सगळ्यांच्या डोक्यात २६ जानेवारीच्या पुरवणीच्या जाहिराती. बातमीचे पैसे मिळोत न मिळोत, जाहिरातीचं टार्गेट चुकत नाही. त्यात मी ‘डेटा’ शिकवणार म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते रास्तच होतं. दुपारपर्यंत लाइट नव्हती. लॅपटॉप मोजकेच, बाकीच्यांनी फोनवरच एक्सेल उघडलं.

९ जानेवारी

माहिती अधिकारातले कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. सॉफ्ट कॉपी मिळाली ती जुन्या फॉन्टमधली. उघडल्यावर गावांच्या नावांच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी. एकच गाव तीन तऱ्हेने लिहिलेलं. एक्सेलच्या लेखी ती तीन गावं. सकाळ नावं जुळवण्यातच गेली. काम कंटाळवाणं, पण मुंबईत बसून ते कुणालाही जमलं नसतं.

पाडे मात्र यादीत नाहीतच. जनगणनेचा तक्ता महसुली गावापाशी थांबतो, मग त्याचे पाडे डोंगरभर का पसरलेले असेनात. विक्रमगडचा पोरगा म्हणाला, “रस्ता गावापर्यंत आला, की कागदावर पाड्यालाही आला.”

१० जानेवारी

आज सरासरी. २०११ च्या जनगणनेत आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९.९ लाख, त्यातले १२ लाखांवर एकट्या वसई-विरार महापालिकेत. मोखाडा तालुका जेमतेम ८३ हजारांचा, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त आदिवासी. जिल्ह्याची सरासरी काढली की मोखाडा वसईत बुडतो.

कुणीतरी विचारलं, कुपोषणाच्या आकड्यांची मागच्या पाहणीशी तुलना करायची का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी २०१५-१६ ची, पण तिच्यातले जिल्हे २०११ चे. पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, म्हणून त्या फेरीत तो ठाण्याच्याच पोटात. स्वतंत्र आकडा पाचव्या फेरीपासून. तरी दोन आकडे शेजारी ठेवून ‘घट’ छापायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

११ जानेवारी

जवळच्या पाड्यावरची अंगणवाडी. झोळीच्या वजनकाट्याला लटकलेलं पोर किंचाळत होतं आणि सेविका काटा स्थिर व्हायची वाट बघत होती. मग दंडाला पट्टी. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली की लाल. वही उघडली तर नावांपुढे पेन्सिलीने ‘स्थलां.’, ‘स्थलां.’, पुढे वजनाचा रकाना कोरा. दिवाळी झाली की ही घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. पोरंही बरोबर.

परत आल्यावर मोखाड्याच्या वार्ताहरणीने फळ्यावर स्वतःच हिशेब मांडला. समजा पटावर १०० मुलं, कमी वजनाची २०. भट्टीवर गेली ४०, त्यांत कमी वजनाची १५. उरलेल्या ६० मध्ये ५. वीस टक्क्यांवरून आठ! “कुपोषण घटवायला आहार कशाला, ताई? भट्टीचा ट्रक पुरे.”

दुपारी मी पिव्होट टेबल शिकवणार होते. ते राहिलं. सगळे आपापल्या तालुक्याच्या तक्त्यात पटावरची संख्या आणि वजन केलेल्यांची संख्या शेजारी-शेजारी लावत बसले. दुसरा रकाना काही तक्त्यांत मुळातच नाही. म्हणजे टक्के आहेत, पण कशाचे ते नाही. कातकरी मुलाचा प्रश्न त्याहून नेमका: वजन न झालेलं मूल शून्यात धरायचं की कोरं ठेवायचं? कोरंच. एक्सेलच्या सरासरीत शून्य मोजलं जातं, कोरा रकाना नाही. एवढ्याशा फरकाने अख्खी बातमी उलटते.

१२ जानेवारी

१९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं दगावली, तेव्हा इथे शहरांतून पत्रकार आले, मंत्री आले. पत्रकार लिहून परत गेले. जिल्ह्याच्या पातळीवरचं आकड्यांचं प्रशिक्षण पुष्कळ झालंय. मला ते आता फारसं पटत नाही. भट्टीवर कोण गेलं हे ज्याला नावानिशी माहीत आहे, त्याच्या हाती तक्ता गेला पाहिजे.

१७ जानेवारी

मोखाड्याच्या वार्ताहरणीचा फोन. डेस्कला मथळ्यासाठी एकच टक्केवारी हवी होती. तिने पटावरची आणि वजन झालेली, अशा दोन संख्या पाठवल्या आणि टक्के काढायला नकार दिला. आत, पान चारवर का होईना, लागली बातमी. आता भट्टीच्या बाजूच्या अंगणवाड्यांत या मुलांची वजनं होतात का, ते तिला बघायचंय. दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून दोन अर्ज तयार आहेत: वसईचा पालघर जिल्ह्यात, भिवंडीचा ठाण्यात.