नाताळची मिस्सा आणि बाजूचा दरवाजा

नाताळ जवळ आला की दम्याचे, हृदयविकाराचे आणि वयस्कर रुग्ण विचारतात, "डॉक्टर, रात्रीच्या मिस्साला जाऊ का?" 2020 पूर्वी हा प्रश्न मला वसईत कुणी विचारला नव्हता. मिस्साला जायला डॉक्टरची परवानगी कशाला लागेल? कोरोनाच्या पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्न दवाखान्यात आला आणि मग मुक्कामालाच राहिला.

त्या हिवाळ्याची थोडी आठवण करून देतो. मार्चपासून बंद असलेली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, पाडव्याला उघडली. महिनाभराने, 22 डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रात रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी लागली. मध्यरात्रीची मिस्सा गेली. चर्चमध्ये जास्तीत जास्त 50 माणसे आणि गायनवृंदात 10 अशी मर्यादा आली. ज्या धर्मग्रामात नाताळला पटांगणसुद्धा पुरत नाही, तिथे पन्नास जण कोणते, हे ठरवायचे होते! फादर लोकांची मला खरोखर दया आली.

लोकांनी काळजी घेतली, पण बरीचशी स्पर्शाची. दारातली पवित्र पाण्याची भांडी कोरडी केली, बाके पुन्हा पुन्हा पुसली, सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवल्या. त्यात गैर काही नव्हते. मात्र पहाटेच्या मिस्साला गारवा लागतो म्हणून कुणीतरी बाजूचा दरवाजा ओढून घ्यायचे, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नसायचे.

हे समजावताना मी चर्चमधलीच दोन उदाहरणे देतो. फादर पवित्र पाणी शिंपडतात तेव्हा थेंब पुढच्या दोन-तीन बाकांपर्यंत जातात आणि खाली पडतात. खोकताना उडणारे मोठे थेंब तसेच असतात. त्यांच्यापासून अंतर ठेवले की बराच बचाव होतो. धूप जाळला की मात्र वास थोड्या वेळात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो आणि दारे बंद असतील तर रेंगाळतो. आपण बोलतो, गातो तेव्हा श्वासातून निघणारे अतिसूक्ष्म कण या धुरासारखे वागतात. तिथे सहा फुटांचे अंतर पुरत नाही. वारा खेळता हवा, थांबण्याचा वेळ कमी हवा आणि तोंडावर नीट बसणारा मास्क हवा. आपल्याकडच्या जुन्या चर्चची छपरे उंच आहेत आणि दोन्ही बाजूंना दारे आहेत, हा मोठाच फायदा. फक्त ती उघडी ठेवायला हवीत. वातानुकूलित प्रार्थनागृहात हा फायदा मिळत नाही.

गाण्यावर बंधन आले तेव्हा अनेकांना राग आला. नाताळ आणि गाणी नाहीत? पण कारण ठोस होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली इथे 10 मार्च 2020 रोजी एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. हजर होते 61 जण. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे खात्रीशीर आणि संभाव्य मिळून 53 जणांना कोरोना झाला आणि दोघे दगावले. बहुतेक गायक वयस्कर होते. गाताना आपण खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो, शिवाय तालमीत माणसे तासन्‌तास जवळ बसतात.

ख्रिस्तप्रसादाबद्दलही खूप भीती होती. प्रसाद हातावर घ्यायचा, बाजूला होऊन मास्क काढायचा, ग्रहण करून पुन्हा मास्क लावायचा, एवढ्यात धोका फारसा नाही. मला काळजी वाटायची ती प्रसादासाठी लागलेल्या खेटून उभ्या रांगेची.

माझ्याकडे येणारी 78 वर्षांची एक आजी त्या वेळी खचत चालली होती. मधुमेह, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, आणि घरात एकटी. धर्मप्रांताने रविवारच्या मिस्सातून सूट दिली होती, नातवाने फोनवर मिस्सा लावून दिली होती. "दिसते सगळे, पण प्रसाद कुठे मिळतो डॉक्टर?" ती म्हणाली. वजन चार किलो उतरले होते, साखर वर-खाली होत होती. कारण उघड होते. रोज पहाटे चर्चपर्यंत वीस मिनिटे जाणे आणि वीस मिनिटे येणे हाच तिचा व्यायाम होता, आणि परतल्यावर वेळेवर न्याहारी. चर्च बंद झाले तसे दोन्ही सुटले. 65 वर्षांवरील व्यक्तींनी घरीच थांबावे ही सरकारी सूचना तिच्या फुप्फुसांसाठी योग्यच होती. तिच्या बाकीच्या शरीराला मात्र ती मानवत नव्हती.

मी तिला मिस्साला जाऊ दिले नाही. दुपारी चारला, चर्च रिकामे असते तेव्हा चालत जा, दहा मिनिटे बसा आणि परत या, असे सांगितले. वाटेत कुणी भेटले तर उघड्यावर, दोन हात लांब उभे राहून खुशाल बोला. तिथल्या फादरांशी बोललो; ते तिच्या ओटीवर येऊन उभ्या उभ्याच प्रसाद देऊ लागले. फेब्रुवारीत वजन दीड किलोने वाढले होते. मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली आणि तिने ती घेतली. पण 4 एप्रिलचा ईस्टर होतो न होतो तोच दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली, ती थेट 7 ऑक्टोबर 2021 ला उघडली.

आता तशी बंधने नाहीत, पण फ्लू, कोरोना आणि न्यूमोनिया आहेतच. म्हणून "जाऊ का?" या प्रश्नाला माझे उत्तर सहसा "जा" असेच असते. ताप-खोकला असेल तर मात्र त्या दिवशी घरी थांबा. फुप्फुसे किंवा हृदय कमजोर असेल तर फ्लूची आणि न्यूमोकोकलची लस घेण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, गर्दीत मास्क लावा, जमेल तर पटांगणातली मिस्सा निवडा. इनहेलर खिशात ठेवा; धुपाने दमा उसळू शकतो, तेव्हा वेदीपासून दूर बसा.

आजी आता रोज मिस्साला जाते. बाजूच्या दारालगतचे शेवटचे बाक तिने धरून ठेवले आहे. थंडी वाजते म्हणून कुणी दार लावायला आले की म्हणते, "शाल आण बाबा, दार राहू दे."